वहीतल्या दहा खुणा

मंगफ, कुवेत
१२ सप्टेंबर २०२५

चि. देवयानीस,

पत्र बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. फोनवर तू मला ब्लॉक केलंस त्याला तीन वर्षं झाली, कागदाला तशी सोय नाही. शेजारचा नीलेश उद्या पुण्याला निघालाय, तो हे तुझ्या हातात देईल. त्याच्यासमोर फाडू नकोस, त्याला वाईट वाटेल.

सरळ सांगते. बाबांना फुप्फुसाचा कॅन्सर निघालाय. शुऐबाला त्यांच्या प्लँटमध्ये दरवर्षी मेडिकल होतं, त्यात एक्स-रेवर डाग दिसला. ऑपरेशन करण्यासारखं नाही. तुला कळवायचं नाही असं त्यांनी मला बजावलंय, पण त्यांनी बजावलेलं मी कधी ऐकलंय?

उपचार सुरू होताहेत. केमो नाही, नवीन औषध आहे, दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून देतात. डॉक्टर तबस्सुम म्हणून हैदराबादच्या बाई आहेत, त्यांनी मला समोर बसवून हिंदीत समजावलं. हे औषध कॅन्सरला स्वतः मारत नाही म्हणे. आपल्या रोगप्रतिकारशक्तीला कॅन्सरने लगाम घातलेला असतो, तो हे सोडवतं. पुढची लढाई शरीराने करायची. मग त्या जे बोलल्या ते ऐकून मला तू आठवलीस. ही शक्ती पोटात शिकते, म्हणाल्या. आतड्यात जे कोट्यवधी जंतू राहतात, ते तिला रोज धडे देतात, कुणावर धावून जायचं आणि कुणाला सोडून द्यायचं. ज्यांच्या पोटातले जंतू शाबूत असतात त्यांना हे औषध जास्त लागू पडतं असं दिसून आलंय. म्हणून, म्हणाल्या, मला विचारल्याशिवाय अँटिबायोटिकची एकही गोळी द्यायची नाही. आणि पोट जरा जरी बिघडलं तरी त्याच दिवशी फोन करायचा, कारण लगाम सुटलेली शक्ती कधीकधी स्वतःच्याच आतड्यावर उठते.

मी मान हलवली. तुझंच भाषण दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकतेय असं वाटलं आणि खरं सांगते, रागही आला.

तुझं भाषण मी विसरलेले नाही. याच स्वयंपाकघरात, माझी वही हातात धरून केलं होतंस. तुझ्या जन्मापासून प्रत्येक ताप, प्रत्येक औषध मी त्या वहीत लिहिलं, प्रत्येक डोसपुढे बरोबरची खूण केली. पुण्यातल्या तुझ्या पोटाच्या डॉक्टरांनी लहानपणीची माहिती मागितली तेव्हा मीच ती वही अभिमानाने काढून दिली. पाच वर्षांची होईपर्यंत तेवीस वेळा अँटिबायोटिक. डॉक्टर म्हणाले, याच्यामुळेच एकोणिसाव्या वर्षी आतडं सुजलं असं खात्रीने सांगता येत नाही. पण तुला खात्री होती. 'आई, तू माझं पोट जाळलंस,' म्हणालीस आणि बॅग भरलीस.

मी काय करायला हवं होतं? परक्या देशात, बावन्न डिग्रीच्या उन्हात, एकशे तीन ताप आलेलं मूल मांडीवर घेऊन बसल्यावर तळेगावच्या आपल्या डॉक्टरांनी दिलेली गोळीच हाताशी होती. तीही तू धड गिळायची नाहीस. वरच्या दाढेमागे धरायचीस आणि नंतर कंपासपेटीत लपवायचीस. कंपासपेटी सापडल्यापासून मी 'आ कर, जीभ वर कर' म्हणून तपासायला लागले. ती युक्ती तुला कुणी शिकवली, हे तू शेवटपर्यंत सांगितलं नाहीस.

यावंसं वाटलं तर ये. तिकीट मी काढेन.

आई

ता. क. नीलेश येताना तळेगावहून नेहमीची औषधांची थैली आणणार आहे. ती बिल्डिंगमधल्या लोकांसाठी. बाबांसाठी नाही.


१० ऑक्टोबर

चि. देवयानीस,

तुझं उत्तर नाही. नीलेश म्हणाला, तू त्याला चहा दिलास, पत्र वाचलंस आणि फार दचकली नाहीस. बापाला कॅन्सर झाल्याचं वाचून जी पोरगी दचकत नाही तिला काय लिहायचं, या विचारात माझे पंधरा दिवस गेले. पण लिहायची सवय लागली आहे आणि या वेळी दर्शना निघाली आहे. दर्शना म्हणजे नीलेशची बायको.

दुसरा डोस झाला. बाबा थकतात, पण तक्रार नाही. शर्ट खांद्यावरून उतरायला लागलेत. मी गुपचूप दोन शर्ट आत घेतले, त्यांनी घातले. मला भीती वाटते देवू. दिवसभर वाटते. भांडी घासताना, कपड्यांच्या घड्या करताना, सारखी.

रोज संध्याकाळी साडेसहाला ते खाली बकाल्याच्या दुकानात लबनचं ताक आणायला जातात. बकाला आपल्या दारातच, तिथून लबनची एक बाटली आणायला त्यांना चाळीस मिनिटं लागतात. मी म्हटलं, गाय शोधायला जाता की काय? हसले. या घरात आता तेवढंच हसणं होतं. गेल्या शुक्रवारी नीलेशने आम्हाला दस्मानला समुद्रावर नेलं. तिथेही हे बाकावरून उठले आणि फोन घेऊन लांब जाऊन उभे राहिले. ऑफिसचा होता म्हणाले. शुक्रवारी कुठलं ऑफिस?

थैली आली. नेहमीप्रमाणे मी सगळं वेगळं करून डब्यात लावलं. तापाच्या पांढऱ्या, खोकल्याच्या गुलाबी, पोटाच्या पिवळ्या. इथले डॉक्टर साध्या जुलाबाला पाणी पी आणि पडून राहा म्हणतात, मग लोक माझ्याकडे येतात. दुसऱ्या दिवशी बरे होऊन कामावर जातात. तू मला दोष दिलास, पण या बिल्डिंगमध्ये मला डॉक्टरीणबाई म्हणतात.

आई


२२ ऑक्टोबर

चि. देवयानीस,

दिवाळी झाली. मी चिवडा आणि थोड्या चकल्या केल्या. बाबांनी चवीपुरतं खाल्लं.

बाबा ठीक आहेत.

मध्यंतरी त्यांचं पोट जरा बिघडलं होतं. चिवड्याने असेल. नाही, चिवडा त्यानंतर केला, तेव्हा चिवड्याने नसेल. दोन-तीनदा जात होते. खरं म्हणजे पाच-सहादा. मी डॉक्टरबाईंना फोन लावायला घेतला तर बाबांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. म्हणाले, त्यांना कळलं तर पुढचा डोस थांबवतील, आणि डोस थांबला तर माझ्याकडे दुसरं काही उरत नाही. त्यांचा आवाज चढलेला मी आयुष्यात तीन-चारदाच ऐकला असेल. मग मीही फोन केला नाही.

डाळिंबाची साल उकळून दिली, मऊ भात दिला. घरचंच काय काय केलं. पाचव्या दिवशी कमी झालं. एकदम थांबलं नाही, पण कमी झालं. सत्तावीसला तिसरा डोस आहे.

दर्शनाचा भाऊ परवा मुंबईला उतरणार आहे, तो हे कुरिअर करेल. तुझं स्वतःचं पोट कसं आहे? हे विचारायचा मला हक्क नाही असं तू म्हणाली होतीस, तरी विचारते.

आई


हॉस्पिटल, २ नोव्हेंबर

देवू,

गेल्या पत्रात मी खोटं लिहिलं. आत्ता इथून जाणारं कुणी नाही, पण लिहून पर्समध्ये ठेवते. कुठेतरी खरं लिहिलं पाहिजे.

डाळिंबाची साल दिली हे खरं. त्याबरोबर पिवळी गोळीही दिली. पंधरा तारखेपासून एकोणीस तारखेपर्यंत, सकाळी एक, संध्याकाळी एक, माझ्या हाताने, कोमट पाण्याबरोबर. ते नको म्हणाले नाहीत. त्यांनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले आणि दरवेळी बेसिनकडे चूळ भरायला गेले. मी वही काढून खूण केली. पाच दिवसांच्या दहा खुणा. मला डॉक्टरबाईंचं बोलणं आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. पण ते माझ्यासमोर पोट धरून वाकायचे, आणि डबा हाताच्या अंतरावर होता. गेली तीस वर्षं मला हेच एक येतं.

सत्तावीसला डोस द्यायच्या आधी डॉक्टरबाईंनी विचारलं, 'आंटी, पेट ठीक है? कोई अँटिबायोटिक तो नहीं दिया?' मी म्हटलं, नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहून म्हणाले, सब ठीक है. आम्ही दोघं एकाच वेळी खोटं बोललो. एकमेकांना सांभाळून घेतोय असं मला वाटलं आणि अशा वेळीही बरं वाटलं. तिसरा डोस दिला गेला.

चौथ्या दिवशी त्यांना जुलाबातून रक्त पडलं. दिवसातून दहा-बारा वेळा. ताप चढला. काल नीलेशने गाडीत घालून इथे आणलं. पोट फुगलंय, हात लावू देत नाहीत, मध्येच ओळखतात, मध्येच डोळा लागतो.

आज सकाळी डॉक्टरबाई मला बाहेर घेऊन गेल्या. म्हणाल्या, दोन गोष्टी असू शकतात. एक म्हणजे औषधाने मोकळी सुटलेली प्रतिकारशक्ती आतड्यालाच खातेय. तसं असेल तर तिला आवरायला स्टिरॉइड मोठ्या प्रमाणात आणि लगेच द्यायला हवं. दुसरं म्हणजे इन्फेक्शन. तपासणीत एक जंतू सापडलाय. हा जंतू कित्येक धडधाकट लोकांच्या पोटातही नुसता पडून असतो, काही करत नाही, कारण आजूबाजूचे चांगले जंतू त्याला जागा देत नाहीत. पण अँटिबायोटिकने ते चांगले मेले की हा माजतो. त्या वेळी स्टिरॉइड दिलं तर घात होऊ शकतो. म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं, अँटिबायोटिक दिलं होतं का, नीट आठवून सांगा.

मी सांगितलं. पर्समधून वही काढून पुढे ठेवली. त्यांनी पानं उलटली, तारखा पाहिल्या, वेळा पाहिल्या, दहा खुणा बोटाने मोजल्या. ओरडल्या नाहीत. इतकं नीट तर आमच्या नर्सही लिहीत नाहीत, एवढंच म्हणाल्या. मग ठरवलं की इन्फेक्शनच धरायचं. स्टिरॉइड द्यायचं नाही. त्या जंतूवरची कॅप्सूल सुरू केली. ती सलाईनमधून देऊन उपयोगाची नाही, तोंडातूनच पोटात जायला हवी, दिवसातून चार वेळा. नर्सची धावपळ चालू असते म्हणून वाटी माझ्याकडेच देऊन जाते. मी बाबांना बसतं करते आणि देते.

तेवीस वेळा तुझं आणि आता दहा वेळा त्यांचं. तू म्हणाली होतीस ते खरं असेल तर मी या घरातली दोन माणसं जाळली. पण या वेळी निदान वेळेवर खरं बोलले. तेवढंच धरून बसले आहे.

आई


हॉस्पिटल, ४ नोव्हेंबर

देवू,

हे पत्र नीलेश फोटो काढून तुला पाठवेल, आधीचंही त्यासोबत. फोनवर मला बोलता येणार नाही. तुझा आवाज ऐकला की मी भांडेन किंवा रडेन, आणि आज दोन्हीला वेळ नाही. घाईघाईने वाचू नकोस, पण लगेच वाच.

काल डॉक्टरबाईंनी फोनवर सांगितलं त्यातलं तुला काय काय कळलं मला माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. काल सकाळी बाबा चष्मा मागत होते. मी कपडे बदलायला घरी गेले आणि त्यांचा खण उघडला. जुन्या चष्म्याच्या घरात चष्मा नव्हता. टिश्यू पेपरची घडी होती. उघडली तर आत गोळ्या. एकमेकींना चिकटलेल्या, पिवळा रंग कागदाला लागलेला. मी पलंगावर बसून मोजल्या. दहा होत्या.

मी त्यांना कधी आ करायला सांगितलं नव्हतं गं. तुला सांगत होते. त्यांना कशाला सांगेन?

तशीच टॅक्सीने परत आले आणि डॉक्टरबाईंच्या टेबलावर तो कागद उलगडला. त्यांनी गोळ्या पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं. 'आंटी, कल आपकी कॉपी सच थी, आज ये गोलियाँ सच हैं. मैं किसको मानूँ?' आधी मी नाही म्हणाले होते, मग हो म्हणाले होते, आता पुन्हा नाही म्हणत होते. शिवाय गोळ्या कुठल्याही आणता येतात, हे मलाही कळत होतं. बाबांना विचारावं तर ते तापात. डॉक्टरबाईंनी मग विचारलं, यांनी कुणाला सांगितलं असेल असं कुणी आहे का?

तेव्हा मला लबनची चाळीस मिनिटं आठवली.

त्यांचा अंगठा धरून मी फोन उघडला. रोज संध्याकाळी साडेसहा, देवू. देवू, देवू, देवू, खालपर्यंत. तीन वर्षं. मी बटण दाबलं आणि तू पलीकडून म्हणालीस, 'बाबा?' इतक्या मायेने की मी फोन डॉक्टरबाईंच्या हातात देऊन टाकला.

तू म्हणालीस ते मी ऐकलं, फोन स्पीकरवर होता. 'एकही गोळी नाही घेतली त्यांनी. मीच सांगितलं होतं, दाढेमागे धरा आणि आई वळली की थुंका.' मग तू विचारलंस, 'पण ती सर्दीची होती ना? पोट कधीपासून बिघडलंय?' डॉक्टरबाईंनी सांगितलं, पंधरा ऑक्टोबरपासून. म्हणजे तुलाही त्यांनी अर्धंच सांगितलं. पोट बिघडलंय म्हणाले असते तर तू त्यांना त्याच दिवशी हॉस्पिटलला पाठवलं असतंस, तुझ्याइतकं कुणाला कळतं त्यातलं. मला गोळीबद्दल फसवलं, तुला पोटाबद्दल. दोघींनाही दुखवायचं नव्हतं त्यांना.

काल दुपारी दोनला स्टिरॉइड सुरू झालं. मी विचारलं, कालच दिलं असतं तर? डॉक्टरबाई म्हणाल्या, आता पुढचं बघू. सर्जन येऊन पोट दाबून गेले. आतडं पातळ झालंय, फुटायला नको म्हणाले. माझ्या वहीवर विश्वास ठेवून सगळ्यांनी एक अख्खा दिवस आणि वर काही तास घालवले. आयुष्यात पहिल्यांदा मी वेळेवर खरं बोलले आणि ते खोटं निघालं.

आता ज्यासाठी लिहितेय ते.

स्टिरॉइड चालू असताना तो पडून असलेला जंतू उठू नये म्हणून कॅप्सूल चालूच ठेवायची आहे. डॉक्टरबाईंनी मला दोनदा सांगितलं, स्टिरॉइडपेक्षा ती काकणभर जास्तच महत्त्वाची, आता शरीराची सगळी राखण आपण स्वतःच उतरवून ठेवली आहे. आज सकाळी उशीची खोळ बदलताना हाताला काहीतरी लागलं. सहा कॅप्सूल. अर्धवट विरघळलेल्या. मी दिलेल्या.

नर्सला मी लगेच सांगितलं. दुपारची तिने दिली. बाबांनी ओठ घट्ट मिटले. ती म्हणाली, बाबाजी, मुँह खोलिए. त्यांनी तिच्याकडे बघितलंच नाही, ते माझ्याकडे बघत होते. तसं ते माझ्याकडे कित्येक वर्षं बघत आले आहेत, गोळी हातात असली की. मला वाटायचं प्रेमाने बघतात. मी कधी वळते याची वाट बघत असायचे.

तुला दाढेमागची युक्ती कुणी शिकवली तेही मला आता कळलं. विचारत नाही.

त्यांना वाटतंय की ही माझ्या डब्यातलीच गोळी आहे. तापात त्यांना हॉस्पिटल कळत नाही, डॉक्टर कळत नाहीत. मी कळते. मी समजावलं, शपथ घातली, रडले. त्यांनी माझा हात धरला, थोपटला आणि तोंड मिटून घेतलं.

पुढची कॅप्सूल सहा वाजता आहे. तुमच्याकडे साडेआठ. नीलेश पावणेसहाला त्यांचा फोन घेऊन त्यांच्याजवळ बसेल आणि तुला लावेल. उचल. त्यांना सांग की ही गोळी गिळायची आहे, ही वेगळी आहे, तू बघून घेतली आहेस. तुझं ते ऐकतील, गेली तीन वर्षं ऐकतच आलेत. नर्स देईल. मी लिफ्टपाशी बाकावर जाऊन बसेन, दार लावून घ्यायला सांगेन.

ते विचारतील. तेव्हा त्यांना सांग, आई खोलीत नाही.